तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं : लिव्हरची गोळी चालू असताना व्हिटॅमिन घ्यायचं का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझ्या मिस्टरांना क्रॉनिक हेपॅटायटिस बी आहे, वय ४४. वर्षभर टेनोफोविर ३०० ची रोज एक गोळी चालू आहे, आता एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) नॉर्मल आहे आणि व्हायरस लोडच्या रिपोर्टमध्ये व्हायरस सापडला नाही असं आलंय. सासूबाईंचं म्हणणं की एवढी स्ट्राँग गोळी गरम पडते म्हणून सोबत ताकदीचं काहीतरी पाहिजेच. दिरांनी दुबईहून मल्टीव्हिटॅमिन आणि कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल आणल्यात, मेडिकलवाल्याने व्हिटॅमिन डीचे सॅशे आणि एक लिव्हर टॉनिक दिलंय, केसांसाठी बायोटिन चालू आहे आणि सकाळी गुळवेलाचा रस. हे सगळं चालतं का? आणि रिपोर्ट एवढा छान आहे तर मेन गोळी एक दिवसाआड केली तर? नाव छापू नये. (सातारा)

उत्तर : ताई, शेवटचं आधी सांगतो कारण बाकी सगळं त्याच्यापुढे किरकोळ आहे. गोळी एक दिवसाआड करायची नाही आणि बंद तर अजिबात करायची नाही. व्हायरस सापडला नाही याचा अर्थ तो गेला असा होत नाही, त्याचा एक अंश लिव्हरच्या पेशींमध्ये दडून असतो आणि गोळी त्याला नुसतं दाबून ठेवते. मनाने गोळी बंद केली की काही पेशंट्सना महिन्या-दोन महिन्यांत जोरात कावीळ होते, एसजीपीटी हजाराच्या वर जातं, क्वचित लिव्हरच फेल होतं. रिपोर्ट छान आलाय तो गोळीमुळेच आलाय. पैशाची अडचण असेल तर २०१८ पासून सरकारचा हेपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात तपासण्या आणि ही औषधं फुकट मिळतात, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

आता पिशवीतलं एकेक बघू. साधं मल्टीव्हिटॅमिन रोज एक घेतलं तर टेनोफोविरशी त्याचं काही भांडण नाही, चालेल, पण त्याने व्हायरसवर काडीचाही फरक पडत नाही. फक्त बाटलीवर लोह किती आहे ते वाचा, रक्त कमी नसेल तर लिव्हरच्या पेशंटने उगाच लोह घेऊ नये, ते लिव्हरमध्येच साठतं.

कॉड लिव्हर ऑइल मात्र मी बंदच करायला सांगेन. त्यात व्हिटॅमिन ए असतं, मल्टीव्हिटॅमिनमध्येही असतं, दोन्हीची बेरीज कोणी करत नाही आणि जास्तीचं ए शरीरातून बाहेर न पडता लिव्हरमध्ये साठून पुढे लिव्हरच खराब करतं. लिव्हर आधीच आजारी असलेल्याला तर हे लवकर बाधतं.

डीचा सॅशे ६०,००० युनिटचा असणार. तो आठवड्यातून एक असतो, साधारण आठ आठवडे, तेही रक्तात डी कमी निघालं तर. रोज एक असा सपाटा लावणारे पेशंट खूप बघितलेत, रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि किडनीवर येतं. आणि टेनोफोविर चालू असताना आपण किडनीच तर जपत असतो, म्हणून तर किडनीचं काम कळावं यासाठी मधून मधून रक्तातलं क्रिएटिनिन आणि फॉस्फरस तपासायला सांगतात. या गोळीने काहींची हाडंही थोडी विरळ होतात, त्यामुळे डी तपासून घेणं चांगलंच, कमी निघालं तर डॉक्टरांच्या डोसने जरूर घ्या. (जाता जाता, अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकच्या गोळ्या परस्पर आणून घेऊ नका, या औषधासोबत किडनीला त्या जड जातात.)

बायोटिन लिव्हरला काही करत नाही पण केसांच्या गोळ्यांमध्ये त्याचा डोस मोठा असतो आणि त्याने रक्ताचे काही रिपोर्ट चुकीचे येतात, थायरॉइडचे येतात, हेपॅटायटिस बीची एचबीएसएजी टेस्टसुद्धा काही मशीनवर खोटी कमी दिसू शकते. टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबवाल्याला सांगा.

गुळवेल थांबवा. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंट्समध्ये लिव्हरला सूज आल्याचं प्रसिद्ध केलं, आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता, पण ज्याचं लिव्हर आधीच दुखावलेलं आहे त्याने ही जोखीम का घ्यायची? पुढे एसजीपीटी वाढलं तर व्हायरसने वाढलं की रसाने हे शोधताना आमची आणि तुमची दोघांची दमछाक होते. लिव्हर टॉनिकात बऱ्याचदा सिलिमरिन नावाचा वनस्पतीचा अर्क असतो, हेपॅटायटिस सीच्या पेशंट्सवर त्याची नीट चाचणी झाली होती, मोठ्या डोसनेही नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. ते पैसे वाचवा. सासूबाईंना सांगा ताकदीसाठी डाळ, अंडं, दूध, भाकरी-पालेभाजी सगळं चालतं, कॉफीही चालते, दारू मात्र एक थेंब नाही. आणि तुमची स्वतःची आणि मुलांची हेपॅटायटिस बीची टेस्ट आणि लस झाली नसेल तर ती या सगळ्या बाटल्यांच्या आधी करून घ्या.

प्रश्न : मला हेपॅटायटिस सी आहे, सोफोसबुविर-वेल्पटास्विरचा १२ आठवड्यांचा कोर्स चालू झालाय. बी१२ ने लवकर गुण येतो असं वाचलं. कॅल्शियमची गोळी आणि ऍसिडिटीचं औषध पण चालू आहे. (नागपूर)

उत्तर : बी१२ चं तुम्ही वाचलं ते हेपॅटायटिस सीवर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे त्या काळातलं आहे, तेव्हा इटलीत फायदा दिसला होता. आताच्या गोळ्यांनी शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास पेशंट तसेच बरे होतात, बी१२ कमी असेल तरच घ्या. तुमचा खरा प्रश्न ऍसिडिटीचा आहे. वेल्पटास्विर अंगी लागायला पोटात ऍसिड लागतं, म्हणून अँटासिड सिरप आणि कॅल्शियम कार्बोनेटची गोळी यांच्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. सकाळी उपाशीपोटी घ्यायची ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोलसारखी गोळी असेल तर कोर्स संपेपर्यंत ती थांबवता येते का हे आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, पुढच्या व्हिजिटची वाट बघू नका.