शंकापेटी : सहा मिनिटांचा लॅपटॉप, वीज गेल्यावरचं वाय-फाय आणि दऱ्यांचा झालेला दर्या

२०१७ साली घेतलेला लॅपटॉप आहे. सातव्या पिढीचा आय-५, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू केल्यावर कामाला लागायला सहा-सात मिनिटं घेतो. दुकानदार म्हणतो, यात पैसे घालू नका, नवीन घ्या. ऐकावं का? – एक वाचक, सातारा

दुकानदाराचं अर्धं बरोबर आहे. त्या अर्ध्याकडे शेवटी येऊ, आधी रोग तपासा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्सच्या पानावर डिस्कपुढे १०० टक्के दिसतंय, पण वाचनाचा वेग सेकंदाला एक-दोन एमबीच आहे, असं असेल तर दोष हार्ड डिस्कचा. प्रोसेसर बिचारा हात बांधून बसलेला असतो. लॅपटॉपमधल्या डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा आणि हेड तिथवर सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद. विखुरलेले तुकडे वाचायचे तर सेकंदाला जेमतेम साठ हाती लागतात, आणि विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे मागते. साधी साटा एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी, हार्ड डिस्कच्याच 'साटा' जोडणीची) हेच काम सेकंदाला हजारोंच्या हिशेबात करते. जाहिरातीतला 'सेकंदाला ५५० एमबी'चा आकडा इथे गौण आहे. खरा फरक या वाट पाहण्यात पडतो.

तेव्हा हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. ती घेण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवून जुन्या डिस्कची प्रकृती बघा. ०५ आणि सी५ या (खराब जागा मोजणाऱ्या) ओळींपुढे शून्याखेरीज काही दिसलं तर डिस्क मरणपंथाला लागली आहे. मग बाकी सगळं बाजूला ठेवून फोटो आणि कागदपत्रं आजच दुसरीकडे उतरवा.

एसएसडी अडीच इंची, ७ मिमी जाडीची साटा घ्या, ती हार्ड डिस्कच्या जागी सरळ बसते. जुनी डिस्क ९.५ मिमीची असेल तर उरलेल्या फटीसाठी प्लास्टिकची चौकट मिळते. मदरबोर्डवर एम-डॉट-टूचा (पट्टीसारख्या एसएसडीचा) स्लॉट दिसला म्हणून लगेच एनव्हीएमई (साटाहून वेगळ्या, जलद जोडणीची एसएसडी) विकत आणू नका. त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो स्लॉट फक्त साटाचा असतो. एनव्हीएमई पट्टी त्यात कधी बसतच नाही, तर कधी बसते पण बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) दिसत नाही. मॉडेल नंबर टाकून कंपनीची सर्व्हिस मॅन्युअल वाचा, दुकानदाराच्या 'बसेल की'वर जाऊ नका.

खोलताना बॅटरी बाहेरून निघत असेल तर आधी काढा. आत असेल तर झाकण उघडल्यावर पहिलं काम तिचा कनेक्टर सोडवण्याचं. लॅपटॉपची उलटी बाजू कागदावर काढा आणि निघेल तो स्क्रू चित्रात त्याच्या जागी टोचून ठेवा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू आखूड जागी पिळला की वरच्या बाजूला टेंगूळ येतं. दोन-तीन स्क्रू रबरी पायांखाली किंवा डीव्हीडी ड्राइव्हच्या मागे लपलेले असतात. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, एखादा स्क्रू राहिलाय. कीबोर्डची चपटी पट्टी ओढून काढायची नसते. तिच्या सॉकेटवरची बारीक कडी नखाने उचलली की ती आपोआप सैल होते. ती कडी तुटली तर कीबोर्ड गेला असं समजा.

१ टीबीच्या डिस्कवरून ५१२ जीबीच्या एसएसडीवर क्लोन (हुबेहूब नक्कल) करण्याचा खटाटोप टाळा. क्लोनझिलासारखी साधनं नवी डिस्क जुन्याइतकी तरी मोठी असावी अशी अपेक्षा धरतात. त्यापेक्षा ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचं इन्स्टॉलर बनवा आणि कोरं इन्स्टॉल करा. मूळचं परवाना असलेलं विंडोज असेल तर 'की' (परवान्याचा क्रमांक) विचारल्यावर 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय निवडा. आधी होती तीच आवृत्ती टाकली की इंटरनेट लागताच परवाना ओळखला जातो, कारण तो मदरबोर्डाशी बांधलेला असतो.

इथे एक चूक हमखास होते. जुनी डिस्क डीव्हीडीच्या जागी किंवा यूएसबीने जोडलेली ठेवूनच लोक इन्स्टॉल करतात. मग विंडोज जातं नव्या डिस्कवर आणि ते सुरू करणारा छोटा बूट विभाग राहतो जुन्या डिस्कवरच. जुनी डिस्क काढली की पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस'. म्हणून इन्स्टॉल करताना लॅपटॉपमध्ये एकटी एसएसडीच असू द्या. जुनी डिस्क नंतर यूएसबीच्या डबीत घाला आणि महिनाभर तरी फॉरमॅट करू नका. एखादी फाइल राहिल्याची आठवण पंधरा दिवसांनीच होते.

रॅम ४ जीबी आज कमी पडते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड'पुढे '१ ऑफ २' असेल तर ८ जीबीची पट्टी वाढवा. वेग २१३३ किंवा २४०० दिसला तर डीडीआर-४, १६०० दिसला तर डीडीआर-३एल. पहिलीला २६० पिना, दुसरीला २०४, आणि खाचही वेगळ्या जागी. त्यामुळे चुकीची पट्टी बसणारच नाही. बसत नाही म्हणून दाबू नका एवढंच.

आता दुकानदाराचं अर्धं. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, मोजके अपवाद सोडले तर सातवी पिढी अधिकृत यादीत नाही. विंडोज १०ची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६. आडवाटेने विंडोज ११ टाकता येतं, पण पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून बँकेचे व्यवहार करायच्या यंत्रावर आमची शिफारस नाही. ब्राउझर, पत्रलेखन, व्हिडिओ एवढंच काम असेल तर याच एसएसडीवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाका. एखादं विंडोजवरच चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर अडत असेल, तर मात्र नव्या लॅपटॉपसाठी पैसे बाजूला काढायला लागा.

वीज गेली की फायबरचं इंटरनेट बंद. राउटर कॉम्प्युटरच्या ६०० व्हीए यूपीएसवर लावून पाहिला, तासा-दोन तासांत मान टाकतो. राउटर एवढासा, बॅटरीही नवी, मग असं का? – एक वाचक, रत्नागिरी

कारण बॅटरी जास्त करून यूपीएसलाच पोसतेय. आतली बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची असते, कागदावर ८४ वॉट-तास. यूपीएस त्या १२ व्होल्टचे २३० करतो आणि राउटरचा अडॅप्टर त्या २३०चे परत १२. या उलटसुलट प्रवासात आणि यूपीएस जागा ठेवण्यात जी वीज जाते, ती राउटरच्या सात-आठ वॉटपेक्षा अधिक भरू शकते. काही यूपीएस तर इतका हलका भार पाहून 'काहीच जोडलेलं नाही' असं समजतात आणि स्वतःहून बंद पडतात.

राउटरसाठी डीसी मिनी-यूपीएस घ्या. यात लिथियमच्या बॅटरीतून थेट १२ व्होल्ट निघतात. घेण्याआधी राउटर आणि फायबरची डबी या दोन्हींच्या अडॅप्टरवरचा मजकूर वाचा. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत. ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो. अँपिअर लिहिल्याइतके किंवा जास्त चालतात. दोन्ही वस्तू १२ व्होल्ट १ अँपिअरच्या असतील तर मिनी-यूपीएस किमान २ अँपिअरचा घ्या. पिन बहुतेक वेळा ५.५ बाय २.१ मिमीची असते, पण २.५ मिमीचीही असते. दिसायला सारखीच, फक्त सैल बसते आणि राउटर मधेच बंद-चालू होत राहतो.

खोक्यावरच्या ८,८०० एमएएचला भुलू नका. तो आकडा ३.७ व्होल्टवरचा आहे. ८.८ गुणिले ३.७, म्हणजे साडेबत्तीस वॉट-तास, त्यातले १५ टक्के रूपांतरात गेले असं धरा. राउटर आणि डबी मिळून १२ वॉट खात असतील तर सव्वादोन तास. चार तास हवे असतील तर दुप्पट क्षमतेचा घ्या.

पैसे घालण्याआधी एक गोष्ट जरूर बघा. वीज गेल्यावर, सध्याचा यूपीएस चालू असताना, डबीवरचा 'एलओएस'चा (सिग्नल तुटल्याचा) दिवा बघा. तो विझलेला असेल तर तार जिवंत आहे. घरापर्यंत खरी फायबर असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला (एका फायबरचे फाटे करणाऱ्या डबीला) वीज लागतच नाही. पण कित्येक ठिकाणी केबलवाल्याने फायबर जिन्यातल्या पेटीपर्यंत आणलेली असते आणि तिथून पुढे साधा नेटवर्कचा स्विच आणि लॅनची वायर. त्या पेटीचा प्लग सोसायटीच्या मीटरवर असला, तर तुमच्या घरात कितीही मोठी बॅटरी ठेवा, पेटी झोपली की इंटरनेट झोपलं.

घरात इन्व्हर्टर आहे, तरी वीज जाताच राउटर बंद होऊन परत सुरू होतो. – जालना

इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे 'यूपीएस' आणि 'ईको' किंवा 'नॉर्मल' असं लिहिलेलं बटण असतं, ते 'यूपीएस'वर करा. मग अदलाबदल डोळ्याचं पातं लवण्याआधी होते. मात्र या स्थितीत इन्व्हर्टर कमी-जास्त व्होल्टेज खपवून घेत नाही. व्होल्टेज सतत १८०च्या खाली जात असेल तर तो घडीघडी बॅटरीवर येईल आणि बॅटरीचं आयुष्य खाईल. अशा घरात इन्व्हर्टर नॉर्मलवर राहू द्या आणि राउटरपुरता वरचा मिनी-यूपीएस लावा.

ऑनलाइन २ टीबीचा पेनड्राइव्ह ४९९ रुपयांना दिसतो. मुलगा मागे लागलाय. – नवी मुंबई

घेऊ नका. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप आणि कॉम्प्युटरला '२ टीबी' सांगणारा खोटारडा कंट्रोलर असतो. फाइल्स कॉपी होतात, नावं दिसतात, पण खरी जागा संपल्यानंतरचं सगळं हवेत गेलेलं असतं. आधीच घेतला असेल तर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या प्रोग्रॅमने तपासा. सगळे २ टीबी तपासू नका, सेकंदाला १० एमबीच्या वेगाने नुसतं लिहायलाच अडीच दिवसांच्या आसपास लागतील. ७०,००० एमबी एवढीच मर्यादा द्या, दोनेक तासांत लिहून होईल आणि पडताळणीत पितळ उघडं पडेल. चांगल्या कंपनीचा ६४ जीबीचा ड्राइव्ह ५९.६ दाखवतो, ती मात्र फसवणूक नाही. कंपनी हजारच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४च्या.

आमच्या गिर्यारोहण मंडळाच्या पत्रकात 'सह्याद्रीच्या दऱ्या' छापायचं होतं, छापून आलं 'सह्याद्रीच्या दर्या'. युनिकोडमध्ये हा अर्धा र कसा काढायचा? शिवाय ल आणि श हिंदी वळणाचे येतात. – पुणे

दऱ्यांचा समुद्र झाला! 'आचाऱ्यांना जेवण वाढा'चं 'आचार्यांना' झालं असतं तर मंडळाचा मान तरी वाढला असता.

साध्या र ला हलन्त देऊन य जोडला की रफारच होतो. मराठीच्या या र साठी युनिकोडमध्ये नुक्ता (खालचं टिंब) असलेला ऱ वेगळा आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे (हा झाला ऱ), मग डी (हलन्त), मग स्लॅश (य). वर्डमध्ये दुसरी युक्ती : इंग्रजी आकड्यांत ०९३१ टाइप करा आणि लगेच ऑल्ट व एक्स दाबा, ऱ उमटतो.

जुन्या मजकुरात हेच अक्षर साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह अशा रीतीनेही लिहिलेलं सापडतं. डोळ्यांना दोन्ही सारखी, पण शोधताना एक सापडतं आणि दुसरं निसटतं. उपाय सोपा : मजकुरातलं जुनं अक्षर जसंच्या तसं कॉपी करून 'फाइंड'च्या चौकटीत चिकटवा आणि 'रिप्लेस'मध्ये नव्या पद्धतीचं टाका.

ल आणि श यांचा घोळ टायपिंगमध्ये नाही. पाकळीचा ल आणि देठाचा श यांचे कोड हिंदीचेच आहेत, बदलतो तो फॉन्टमधला आकार. काही फॉन्टांत दोन्ही आकार असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की मराठी वळण आपोआप येतं. वेब पानावर त्यासाठी भाषेच्या खुणेत 'एमआर' लागतो. पत्रक छापायचं असेल तर या भानगडीत न पडता मुळातच मराठी वळणाचा फॉन्ट निवडा आणि पीडीएफ बनवताना तो आत बसवून पाठवा. नाहीतर छापखान्याच्या कॉम्प्युटरवर तो नसला की सगळं मुसळ केरात.

घरात वाद चालू आहे. मी फोन ८० टक्क्यांना काढते, हे रात्रभर लावून ठेवतात. कोण बरोबर? – नाशिक

रात्रभर लावल्याने फोन 'जास्त चार्ज' होत नाही, १०० झाले की तो स्वतःच थांबतो. तेवढ्यापुरते ते बरोबर. पण लिथियमची बॅटरी भरलेल्या अवस्थेत, वरच्या व्होल्टेजवर जितका वेळ राहते तितकी झिजते, आणि सोबत उष्णता असेल तर फार लवकर. म्हणून तुमचं पारडं जड आहे. मात्र त्यासाठी घड्याळ लावून धावू नका. सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर ८० टक्क्यांची मर्यादा असेल तर ती चालू करा आणि फोन खुशाल रात्रभर लावा. दोन वर्षांत फोन बदलणार असाल तर हा वाद सोडूनच द्या. उशीखाली चार्जिंगला लावलेला किंवा गाडीत काचेमागे उन्हात ठेवलेला फोन यापेक्षा कितीतरी जास्त सोसतो.

कायम प्लगवर असलेल्या लॅपटॉपला हा नियम जास्त लागू पडतो. कमांड प्रॉम्प्टवर इंग्रजीत पॉवरसीएफजी, मग जागा सोडून तिरपी रेघ आणि सलग बॅटरीरिपोर्ट असं लिहून एंटर दाबा. तयार होणाऱ्या अहवालात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' शेजारी ठेवून बघा. दुसरी पहिलीच्या निम्म्यावर आली असेल तर बॅटरी बदला. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल तर अहवालाचीही वाट पाहू नका. बॅटरी फुगली आहे. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, ती टोचू किंवा दाबू नका आणि सर्व्हिस सेंटरला न्या.