त्याच्या दारात आधी कोण पोचेल?

प्रश्न : आमची परळची चाळ पुनर्विकासाला गेली, त्याला नऊ वर्षं झाली. बिल्डरने भाडं थकवलंय, कोर्टात तारखांवर तारखा पडतात. माझा 26 वर्षांचा मुलगा हल्ली म्हणतो, "आई, कोर्ट-बिर्ट काही नको. एक खमका माणूस बसवा, दोन दिवसांत सगळ्यांना सरळ करेल." हंगेरीत बरीच वर्षं पंतप्रधान राहिलेल्या ऑर्बानचे व्हिडिओ दाखवतो. मला पटत नाही, पण उत्तर सुचत नाही.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी त्याच्या रागाला नावं ठेवू नका. नऊ वर्षं भाड्याच्या घरात काढलेलं पोर चिडणारच.

माझे वडील लालबागला गिरणीत साचे चालवायचे. 1975 च्या जूनमध्ये आणीबाणी आली तेव्हा ते खूश होते. गाड्या वेळेवर येतात, कोणीतरी वचक बसवला, असं चारचौघांत सांगायचे. सप्टेंबरात वटहुकूम निघाला आणि किमान बोनस 8.33 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आला. एरवी अख्खं गिरणगाव रस्त्यावर उतरलं असतं. पण संपाची सोय नव्हती, पुढारी तुरुंगात, पेपरांवर सेन्सॉर. मी दहा वर्षांची होते. बोनसचं पाकीट आईने दोनदा मोजलं, आणि वडील काहीच बोलले नाहीत, हे मला अजून दिसतं. वचक आपल्यावरही बसलाय, हे त्यांना त्या दिवाळीत कळलं.

ऑर्बान यांनीही रणगाडे आणले नव्हते. 2010 मध्ये सुमारे 53 टक्के मतांवर दोन तृतीयांश जागा मिळाल्या. मग नवी राज्यघटना केली, न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय 70 वरून 62 वर आणलं, म्हणजे जुने न्यायाधीश आपोआप घरी. सगळं कायद्याने. त्यांच्याच फेलचुत गावचे मित्र लोरिन्त्स मेसारोश पूर्वी गॅसजोडणीची कामं करायचे. या राजवटीत त्यांच्या कंपन्यांना सरकारी कंत्राटं मिळत गेली आणि ते देशातल्या सर्वांत श्रीमंतांत जाऊन बसले. मुलाला हे जरूर सांगा.

नेता चांगला की वाईट, या वादात त्याच्याशी पडू नका. एवढंच विचारा : असा माणूस आला, तर त्याच्या दारात आधी कोण पोचेल? तू, की आपला बिल्डर? आणि बिल्डरच्या बाजूने हुकूम निघाला, तर दाद कुणाकडे मागशील?

तारखा लांबतात, त्यासाठी भांडायलाच हवं. पुढच्या तारखेला त्याला सोबत न्या. फाइल त्याच्या हातात द्या. किती महिन्यांचं भाडं थकलंय, तो हिशेब वकिलापुढे त्यालाच मांडू दे.