तह, करार की संधी?

ठाण्यातल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे: एका पुस्तकात 'व्हर्सायचा तह', दुसऱ्यात 'व्हर्साय करार', तिसऱ्यात 'व्हर्सायची संधी' असं छापलंय. बरोबर काय? आणि शस्त्रसंधी म्हणजे तहच ना?

'तह' लिहा. 'संधी' संस्कृतात चोख आहे, हिंदीतही चालतो. पण मराठीत नुसता 'संधी' म्हटलं की नोकरीची संधी आठवते. 'करार' चूक नाही, फक्त पातळ आहे. करार घरमालक-भाडेकरूंतही होतो. तहाआधी लढाई लागते, आणि त्याची क्रियापदंही त्याच घरची: तह लादला, तह मोडला.

पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीशी फ्रान्समधल्या व्हर्सायला जे झालं त्याला हेच लागू पडतं. जर्मनीला चर्चेत बसूच दिलं नव्हतं. ७ मे १९१९ला मसुदा हातात ठेवला, लेखी हरकती तेवढ्या घेतल्या, आणि २८ जूनला सही झाली. वाटाघाटी झाल्या त्या जेत्यांच्या आपसांत. म्हणून 'वाटाघाटींत जर्मनीने मान्य केलं' हे वाक्य मला खटकतं. युद्धाची जबाबदारी, तोडलेला मुलूख, १९२१ साली ठरलेली १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई, या सगळ्याचं भांडवल पुढे हिटलरने केलं. (दुसऱ्या महायुद्धाचं सगळं खापर या तहावर फोडू नये, मध्ये १९२९ची मंदीही आहे.)

शस्त्रसंधी वेगळी. तिच्यात युद्ध तहकूब होतं, मिटत नाही. ११ नोव्हेंबर १९१८ला तोफा थांबल्या तेव्हा पश्चिमेकडचं जर्मन सैन्य अजून परक्या भूमीवर होतं. त्यामुळे 'आम्ही रणांगणात हरलोच नाही, घरच्यांनी दगा दिला' ही कथा जर्मनीत सहज पसरली. कोरियात तर १९५३च्या शस्त्रसंधीनंतर शांततेचा तह झालेलाच नाही.

ठाणेकरांना मात्र फ्रान्सपर्यंत जायची गरज नाही. ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचं कारागृह, इंग्रजांनी १७७४च्या अखेरीस घेतला. १७७५ला सुरतेच्या तहात राघोबादादांनी साष्टी (ठाणे ज्यावर आहे ते बेट) आणि वसई इंग्रजांना देऊ केली. १७७९ला वडगावला मराठ्यांनी इंग्रजी फौज कोंडीत धरली, घेतलेला मुलूख परत करायचं लिहून घेतलं. कंपनीच्या वरिष्ठांनी ते झिडकारलं. शेवटी १७८२च्या सालबाईच्या तहात वसई परत आली, साष्टी इंग्रजांकडेच राहिली. 'लढाईत कमावलं, तहात गमावलं' असं आपण म्हणतो ते यालाच. करारात गमावलं असं कुणी म्हणत नाही. पुढे १८०२ला दुसऱ्या बाजीराव पेशव्याने इंग्रजांशी वसईचा तह केला. तो शिंदे-भोसल्यांना पटला नाही आणि १८०३ला दुसरं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. तहानेच युद्ध आणल्याचं इतकं उघड उदाहरण, तेही वसईच्या खाडीवरचं, पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकतात याचं मला नवल वाटतं.

एक अडचण उरते: भारत-पाकिस्तानमधले ताश्कंद (१९६६) आणि सिमला (१९७२). दोन्हींच्या आधी युद्ध झालं, तरी मराठीत दोन्ही 'करार'च. सिमल्याच्या वेळी तर जय-पराजय स्पष्ट होता, म्हणजे माझा नियम तिथे लंगडा पडतो. अलीकडच्या राजनैतिक मराठीत 'तह' मागे पडलाय, इतकंच त्याचं कारण दिसतं. तिथे रूढ नाव आहे तेच लिहा.