फोनोची पेटी: रेक्झिन, बुरशी आणि गंजलेले कोपरे

पाऊस उघडला की लोक माळ्यावर चढतात आणि माझ्याकडे फोनोचे, म्हणजे चावीच्या ग्रामोफोनचे, प्रश्न सुरू होतात. मागच्या खेपेला मोटरीबद्दल लिहिलं होतं, या खेपेला सगळे पेटीवरच आलेत. एक गोष्ट आधी सांगून टाकतो. पेटीला हात लावायच्या आधी, रेकॉर्ड न ठेवता थाळी फिरू द्या आणि चावी पूर्ण उतरवा. भरलेली स्प्रिंग निसटली तर बोटावर बेतते.

आजोबांचा एचएमव्ही १०२ फोनो सापडला. आवाज ठणठणीत, पण वरचं काळं रेक्झिन भुरकट झालंय आणि कोपऱ्यांवर फाटलंय. गावातला कुशनवाला म्हणतो, दोन तासांत नवं चढवून देतो. देऊ काय, सांगा की. (निपाणी)

नका देऊ. कुशनवाला आपल्या कामात हुशारच असतो, पण त्याच्याकडचं रेक्झिन मोटरसायकलच्या सीटचं. जाड, आणि मागे अस्तर. ते पेटीच्या कडेवर वळवलं की झाकण आणि पेटी यांच्यात फट राहते, कुलपाची जीभ पोहोचत नाही. शिवाय ते चढवायला तो पत्र्याचे कोपरे उपटणार, आणि उपटलेले कोपरे पुन्हा सरळ बसलेले मी फारसे पाहिले नाहीत.

१०२ हे मॉडेल १९३१ मध्ये आलं आणि पाव शतकाहून जास्त काळ बनत राहिलं. त्याचं कापड म्हणजे सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर आणि त्यावर चामड्यासारखी दाब देऊन उठवलेली नक्षी. तो थर थिनरमध्ये, नेलपॉलिश काढायच्या द्रवात आणि काही वेळा स्पिरिटमध्येसुद्धा विरघळतो. हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. पहिल्याच पेटीवर थिनरचा बोळा फिरवला, बोळा काळा झाला, मी खूश. मळ निघतोय असं वाटलं. निघत होतं ते कापड.

तुम्ही असं करा. मऊ ब्रशने धूळ झाडा. कोमट पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब, त्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं, तळहाताएवढी जागा पुसायची आणि लगेच कोरड्या कापडाने टिपायची. पाणी आत मुरलं तर प्लाय फुगते. फाटून उभे राहिलेले पदर मैद्याच्या पातळ खळीने चिकटवा. बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. इथे घालू नका, त्याने खिळे आणि पत्रा खराब होतो. खळ वाळल्यावर जिथे पांढरे धागे दिसतात तिथे काळी शाई लावा. दोन दिवसांनी डबीतलं काळं मेणाचं बूट पॉलिश, आधी तळाला लावून बघून, मग सगळीकडे अगदी थोडं. बाटलीतलं पातळ पॉलिश नको. आणि कृपा करून खोबरेल तेल नको. पहिले आठ दिवस पेटी नवरीसारखी दिसते, नंतर चिकट होते आणि धूळ ओढते.

अर्ध्याहून जास्त कापड गेलेलंच असेल तर बाइंडिंगचं काळं दाणेदार कापड घ्या. ते पातळ असतं, कडेवर नीट वळतं. मूळ कापडाचा एक तुकडा पेटीतच पाकिटात ठेवून द्या. पुढच्याला कळायला हवं, मुळात काय होतं.

पेटी उघडली की कुबट वास येतो. आत पांढरी बुरशी. उन्हात ठेवली तर चालेल काय ओ? (खानापूर)

खानापूरचा पाऊस मला माहीत आहे, तिथे भिंतीलासुद्धा बुरशी धरते. पण पेटी थेट उन्हात नको. लाकूड वाकडं होतं आणि रेक्झिन तडकतं. तोंडाला मास्क बांधून, अंगणात, मऊ ब्रशने बुरशी बाहेरच्या दिशेला झाडा. घरात झाडलीत तर ती गादीवर जाऊन बसेल. नंतर झाकण उघडं ठेवून आठवडाभर सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी. हवेतला दमटपणा साधारण ६५ ते ७० टक्क्यांवर टिकून राहिला की बुरशी परत येते, म्हणून पावसाळ्यात पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच घालू नका. सुती चादरीत गुंडाळा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा उघडून बघा. वास जायला वेळ लागतो. अत्तर शिंपडणाऱ्यांना मी दूरून नमस्कार करतो.

प्लायचे थर सुटलेत. काही ठरावीक सुरांना पेटी भुणभुणते. साउंडबॉक्स (सुईचा कंप आवाजात बदलणारी गोल डबी) बदलून पाहिला, फरक नाही. (शहापूर, बेळगाव)

साउंडबॉक्स उगीच बदललात. या पेट्यांत कर्णा आतच असतो. १०१ (१०२ च्या आधीचं मॉडेल) आणि १०२ मध्ये आवाज मागच्या बाजूने वर येतो आणि उघड्या झाकणावर आपटून तुमच्याकडे वळतो. म्हणजे पेटी आणि झाकण हे आवाजाचंच अंग. एक थर सुटला की तो पत्र्यासारखा थरथरतो. रेकॉर्ड चालू असताना एकेका बाजूवर तळहात दाबून बघा. भुणभुण थांबली की जागा सापडली. झाकणाच्या आधाराची पट्टी सैल असली तरी हाच आवाज येतो, आधी तिचा स्क्रू बघा.

थर चिकटवायला लाकडाचा पांढरा गोंद चालेल, कारण ते थर पुन्हा उघडायचे नसतात. पातळ करून सुरीच्या पात्याने आत सारा, दोन्ही बाजूंना मेणकागद, त्यावर फळ्या, आणि रात्रभर शिकंजा. शिकंजा फार आवळला तर सगळा गोंद बाहेर येतो. कोपऱ्यांचे सांधे मात्र मुळात सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांच्या गोंदाने, जोडलेले असतात. तिथे सरसच वापरा, ऊब आणि ओल दिली की तो पुन्हा सुटतो. सुताराकडे नेलंत तर बाहेरून खिळा मारू नको, हे त्याला तीनदा सांगा.

कोपरे आणि कुलूप गंजलेत. क्रोम करून घेऊ? (चिकोडी)

आधी बघा, मुळात काय आहे. निकेल किंचित पिवळसर दिसतं, क्रोम निळसर पांढरं. १९२० च्या दशकातल्या पेटीवर बहुधा निकेल, पुढे क्रोम. शिवणयंत्राचं तेल एक दिवस मुरू द्या, मग बांबूच्या काडीने गंज खरवडा. सुटलेला तांबडा रंग कापडावर उतरू नये म्हणून कडेखाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवा. पितळ उजळायची पेस्ट निकेलचा पातळ थर खाऊन टाकते. कुलूप सहज निघत असेल तरच प्लेटिंगला द्या, आणि "निकेलच हवं, बफ (घासून चमकवायचं चाक) फार मारू नका" असं सांगा. नाहीतर कंपनीची अक्षरं चाकाखाली जातात. कोपरे काढू नका. थोडा गंज राहिला तर राहू दे.

प्रवासात बाजारातून अष्टकोनी लाकडी पेटी आणि पितळी कर्णा असलेला कुत्रा छाप घेतला. पॉलिश कसं करू? (संकेश्वर)

हवं तसं करा, अगदी रंध्याने तासा. चकचकीत पितळी कर्ण्याची ती अष्टकोनी पेटी जवळजवळ नेहमी नवी बनवलेली असते, जुनी मोटर आत टाकून. खऱ्या जुन्या रेकॉर्डवर मात्र ती वाजवू नका, सुई धरणारा तिचा जड दांडा तबकडी खातो.

झाकणाच्या कप्प्यात रेकॉर्ड ठेवतो. त्याने बिजागऱ्या ढिल्या होतात काय? (सुळेभावी)

होतात. तो कप्पा गाडीतून नेण्यापुरता. घरी रेकॉर्ड उभ्या ठेवा, सरळ, तिरक्या नकोत. आणि स्पिरिटने कधी पुसू नका. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या) जुन्या तबकडीत लाख असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, रेक्झिनसारखीच. ओलसर कापड पुरे, लेबल कोरडं ठेवून. तुमच्या गावचे कुमार गंधर्व पोरवयात रेकॉर्डी ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवत, हे तुम्हाला मी काय सांगावं. कप्प्यात त्यांची एखादी जुनी तबकडी असेल तर बिजागरीचं नंतर बघू, आधी लेबलाचा फोटो पाठवा.