वारस नसताना घराण्यातील वस्तू कोणाच्या हाती द्याव्यात?

प्रश्न: आम्हा दोघांना मूलबाळ नाही. आजोबांच्या रोजनिशा, पत्रे आणि छायाचित्रे संग्रहालय स्वीकारील का?

उत्तर: कागदपत्रांसाठी आधी अभिलेखागाराकडे किंवा मोठ्या ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागाकडे विचारणा करावी. तेथे केवळ नामवंतांचेच कागद ठेवतात, हा गैरसमज आहे. सामान्य माणसाने वर्षानुवर्षे न चुकता टिपलेला घरखर्च आणि पाऊसपाणी अभ्यासकाला कित्येकदा मानपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. मात्र आवराआवरीच्या भरात पत्रे पाकिटांपासून वेगळी करू नका आणि मूळ क्रम मोडू नका, कारण पत्रावर तारीख नसेल तेव्हा पाकिटावरचा टपालाचा शिक्का हाच पुष्कळदा काळाचा एकमेव दाखला असतो. छायाचित्रांतील माणसे ओळखणारे आज तुम्हीच उरला आहात. म्हणून नावे मागच्या बाजूला, कडेशी, मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत; शाई कालांतराने पुढे उमटू शकते. चिकट पानांच्या अल्बममधील छायाचित्रे ओढून काढू नयेत, अल्बम आहे तसाच द्यावा.

प्रश्न: दिलेली वस्तू कायम दर्शनी मांडावी, अशी अट घालता येईल का?

उत्तर: घालता येते, पण बहुतेक संग्रहालये अशा अटीची देणगी नाकारतात आणि मला ते रास्तच वाटते. मोठ्या संग्रहालयांत दालनात दिसते त्याच्या कितीतरी पट भांडारात असते. इंटरनॅशनल काउन्सिल ऑफ म्युझियम्स या संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नीतिसंहितेनुसार वैध मालकीची खात्री पटल्याखेरीज संग्रहालयाने वस्तू घेऊ नये. त्यामुळे पुरावा मागितला तर अविश्वास समजू नये. बक्षीसपत्रावर सही करण्यापूर्वी तुम्ही मात्र एक गोष्ट विचारून लेखी घ्या: पुढेमागे ही वस्तू संग्रहातून काढावी लागली, तर ती कोठे जाईल?

प्रश्न: वडिलांचे व्हायोलिन आहे. आतल्या चिठ्ठीवर स्ट्रादिव्हारी असे छापलेले आहे. ते संग्रहालयात द्यावे की विकावे?

उत्तर: स्ट्रादिव्हारी हे इटलीतील विख्यात व्हायोलिन-कारागीर, पण त्या चिठ्ठीवर विसंबू नये. एकोणिसाव्या शतकापासून कारखान्यांतून निघालेल्या असंख्य व्हायोलिनांत हेच नाव चिकटवलेले आढळते. जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि वाद्य साधारण निघाले, तर ते वाजवणाऱ्याच्याच हाती द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. संगीतशाळेतील एखाद्या होतकरू विद्यार्थ्याकडे ते रोज काढले जाईल, पुसले जाईल, सुरात लावले जाईल. तोवर घरी सगळ्या तारा एकदम काढू नका. वाद्याच्या पोटातील लाकडी खांब तारांच्या नुसत्या दाबाने उभा असतो, तो पडला तर बसवायला कारागीरच लागतो.

प्रश्न: हस्तिदंती पेटी परदेशातील मैत्रिणीच्या मुलीला द्यायची आहे. मृत्युपत्रात लिहिले की पुरे ना?

उत्तर: पुरे होणार नाही. 1975 पासून अमलात असलेल्या साइट्स करारामुळे, म्हणजे संकटग्रस्त वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारामुळे, हस्तिदंती वस्तू सीमेपलीकडे नेण्यास सहसा परवाने लागतात आणि देशोदेशीचे कायदे त्याहून कडक असू शकतात. आधी दोन्ही देशांतील नियम पाहावेत. शिवाय तिला ती पेटी हवी आहे का, हे तिलाच विचारा. संकोचापोटी दिलेला होकार ओळखता आला, तर दुसरे नाव आताच शोधता येईल. मृत्युपत्रात पेटीचे वर्णन, छायाचित्राचा उल्लेख आणि तिने नाकारल्यास पर्यायी व्यक्तीचे नाव असावे. अन्यथा निर्णय मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या व्यवस्थापकावर पडतो, आणि त्याला घर लवकर रिकामे करायचे असते.