‘बिहेव्ह’ म्हणजे वागणं, मग ‘वागवणं’ म्हणजे काय?

प्रश्न: ताई, मी ऑफिसमध्ये अकाउंट्सला आहे. एक सीनियर सगळ्यांसमोर माझ्या अंगावर ओरडला, फाईल टेबलावर आपटली. मी लंडनच्या मॅनेजरला मेल केला, ‘ही बिहेव्ह्ड व्हेरी बॅड विथ मी, ही मिसबिहेव्ह्ड’. त्यांचं उत्तर आलं की नक्की काय झालं ते कळत नाहीये. माझं इंग्लिश चुकलं का? आणि ‘बिहेव्ह युवरसेल्फ’मध्ये ते युवरसेल्फ कशाला? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: आधी हे सांगते, इंग्लिश चुकलं म्हणून तुमची तक्रार लहान होत नाही. आता वाक्य बघू. आपण ‘माझ्याशी वाईट वागला’ म्हणतो ना, त्या ‘शी’चं इंग्लिश करायला गेलं की तोंडात ‘विथ’च येतं, मीपण कॉलेज संपेपर्यंत तसंच लिहायचे. तिकडचे लोक ‘बिहेव्ह’पुढे ‘टुवर्ड्ज’ लावतात. आणि ‘बॅड’ नाही, ‘बॅडली’, कारण कसा वागला ते सांगायचंय, तसंच ‘रूडली’, ‘पोलाइटली’.

पण खरं सांगू का, तुम्हाला हवा होता तो शब्दच वेगळा होता. मराठीत वागणं आणि वागवणं असे दोन शब्द आहेत. वागणं आपलं आपलं असतं, वागवणं दुसऱ्याला. ‘सासू सुनेला लेकीसारखं वागवते’, इथे ‘बिहेव्ह’ बसतच नाही, इथे ‘ट्रीट’. म्हणजे ‘ही ट्रीटेड मी बॅडली’, आणि ‘विथ’चा प्रश्नच मिटला. हे एकदा डोक्यात बसलं की चूक होत नाही, मी शिकवते त्या मुलांना हेच सांगते.

युवरसेल्फचं उत्तर शब्दाच्या पोटातच आहे. ‘बिहेव्ह’ हा ‘बी’ आणि ‘हॅव’ जोडून झालाय, पंधराव्या शतकातला, आणि मूळ अर्थ स्वतःला एका विशिष्ट रीतीने धरणं, सांभाळणं. म्हणून ‘स्वतःला’ लागायचं. आता नुसतं ‘बिहेव्ह!’ म्हटलं तरी त्याचा अर्थ ‘नीट वाग’ असाच होतो, ‘नीट’ वेगळं म्हणायला लागत नाही. आपणही पोराला ‘आवर स्वतःला’ म्हणतो, आणि आपलं ‘वागवणं’सुद्धा ओझं वागवण्यातलंच आहे, म्हणजे धरणं आणि सांभाळणं दोन्ही भाषांत आलंय, मला हे फार आवडतं.

आता ‘मिसबिहेव्ह’, इथे मात्र नीट लक्ष द्या. आपल्याकडच्या इंग्लिश पेपरात ‘मिसबिहेव्ह्ड विथ अ वुमन’ असं छापून आलं की आपण मनात समजून घेतो की बहुतेक विनयभंगाचा प्रकार आहे. लंडनच्या माणसाला तोच शब्द वाचून वर्गात दंगा करणारं पोरगं आठवतं, नाहीतर हट्टाला पेटलेला कॉम्प्युटर, कारण तिथे मशीनसाठीपण हा शब्द वापरतात. म्हणजे एकच शब्द, इथे वाचणाऱ्याला केवढं मोठं वाटेल आणि तिथे केवढं किरकोळ, आणि तुमच्यासोबत जे झालं ते दोन्हीकडे दिसतच नाही. मला या शब्दाचा रागच आहे, कारण आपल्या बायका मोठमोठे प्रकार ‘मिसबिहेव्ह केलं’ म्हणून गिळतात. विनयभंग झाला असेल तर तसंच लिहावं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याला कलम ७४ आहे. तुमच्या बाबतीत ओरडणं आणि फाईल आपटणं झालंय, तर तेच लिहा, तारीख आणि वेळ घालून, कोण कोण हजर होतं तेही घालून: ‘ही शाउटेड अ‍ॅट मी इन फ्रंट ऑफ द टीम अँड स्लॅम्ड माय फाइल ऑन द टेबल’. ‘बिहेव्ह’ही नको आणि ‘ट्रीट’ही नको. मेल परत पाठवा, आणि काय उत्तर येतं ते मला जरूर कळवा.