मुलीला सहा आठवड्यांत दुसऱ्यांदा मलेरिया झाला. औषधं लागू पडेनाशी झाली आहेत का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही बदलीच्या निमित्ताने गडचिरोली जिल्ह्यात राहायला आलात. साडेचार वर्षांच्या, चौदा किलोच्या मुलीला जुलैत व्हायवॅक्स या जातीच्या जंतूचा मलेरिया झाला. तीन दिवस क्लोरोक्विन दिलं, दोन दिवसांत ताप उतरला. आता सहा आठवड्यांनी पुन्हा थंडी वाजून ताप आला आणि झटपट रक्ततपासणीच्या पट्टीवर पुन्हा व्हायवॅक्सच दिसला. डॉक्टर म्हणाले, "रेझिस्टन्स आलाय, तीन इंजेक्शनं घ्यावी लागतील." ती घ्यावीत का, आणि मुलांच्या मलेरियावर औषधं खरंच चालेनाशी झाली आहेत का, असं तुम्ही विचारलंय.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. नोकरीची पहिली बरीच वर्षं याच जिल्ह्यात काढली. तुमच्या लेकीची हकीकत वाचून मला हा रेझिस्टन्स, म्हणजे जंतूंनी औषधाला दाद न देणं, वाटत नाही. तिच्या उपचारातला एक भाग राहून गेला असावा, असं वाटतं.

व्हायवॅक्सचे जंतू दोन ठिकाणी असतात. रक्तातल्या जंतूंमुळे ताप येतो, आणि क्लोरोक्विन त्यांना मारतं. काही जंतू मात्र यकृतात झोपून राहतात. क्लोरोक्विनचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. आठवड्यांनी, कधी महिन्यांनी ते जागे होऊन रक्तात उतरतात आणि नव्याने हुडहुडी भरते. त्यासाठी प्रायमाक्विन हे वेगळं औषध चौदा दिवस द्यावं लागतं. तुमच्या मजकुरात त्याचा उल्लेखच नाही. दिलं असेल आणि लिहायचं राहिलं असेल, तर नेमके किती दिवस दिलं ते आठवून पाहा. ताप उतरला, लेकरू खेळायला लागलं की पाचव्या-सहाव्या दिवशी गोळी बंद होते, हे मी शेकडो घरांत पाहिलंय. त्यात आईचा दोष मानू नका. कडू गोळी हसत्या-खेळत्या मुलाच्या घशात घालायला कुणाचंच मन होत नाही.

दिवसांचा हिशोबही हेच सांगतो. क्लोरोक्विन रक्तात बरेच आठवडे रेंगाळतं. पूर्ण डोस पोटात जाऊनही साधारण 28 दिवसांच्या आत ताप आणि जंतू परतले, तर औषध हरल्याची शंका घ्यायची. पाच ते सात आठवड्यांनी येणारा ताप बहुधा यकृतातल्या झोपलेल्या जंतूंचा असतो, नाहीतर नव्याने डास चावल्याचा. व्हायवॅक्सने क्लोरोक्विनला दाद न देण्याचं पहिलं उदाहरण 1989 मध्ये पापुआ न्यू गिनीत नोंदलं गेलं आणि इंडोनेशियाच्या काही भागांत तर ते नित्याचं झालं. आपल्याकडे व्हायवॅक्सवर क्लोरोक्विन आजही चांगलं चालतं.

डोसही तपासा. क्लोरोक्विन तीन दिवसांत मिळून दर किलोला 25 मिलिग्रॅम लागतं: पहिले दोन दिवस 10-10, तिसऱ्या दिवशी 5. घोळ होतो तो गोळीवरच्या आकड्याने. 250 मिलिग्रॅम छापलेल्या गोळीत प्रत्यक्ष क्लोरोक्विन 150 मिलिग्रॅमच असतं, आणि हिशोब या 150 चा करायचा. चौदा किलोला पहिले दोन दिवस साधारण एकेक गोळी आणि तिसऱ्या दिवशी अर्धी. कुणी 250 धरून अर्धी-अर्धी दिली असेल, तर लेकराला निम्म्याच्या आसपासच औषध मिळालं. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर तो डोस पुन्हा द्यायचा, हेही बऱ्याचदा कुणी सांगत नाही. मुलाचं वजन केल्याशिवाय मलेरियाचं औषध लिहूच नये, या मताचा मी आहे. अंदाजाने दिलेलं औषध बहुतेक वेळा कमीच पडतं.

आता इंजेक्शनांविषयी. ती बहुधा आर्टीईथरची असतील. ती आर्टेमिसिनिन घराण्यातली. चीनमध्ये तू योयो यांनी दवण्याच्या जातीच्या एका झुडपातून हे द्रव्य 1970 च्या दशकात वेगळं काढलं आणि त्यासाठी त्यांना 2015 मध्ये नोबेल मिळालं. मलेरियाच्या जंतूला इतक्या झपाट्याने मारणारं दुसरं औषध आपल्या हातात नाही. पण ते शरीरातून काही तासांत निघून जातं. नुसतं तेच तीन दिवस दिलं तर ताप उतरतो, सगळे खूश होतात, आणि थोडे जंतू मागे उरतात. उरलेल्यांत औषधाला थोडंफार तोंड देणारे असले तर पुढच्या डासाबरोबर तेच पसरतात. म्हणून या औषधाला नेहमी एक जोडीदार देतात, दिवसेंदिवस रक्तात टिकून उरलेले जंतू निपटणारा. आर्टेमिसिनिनच्या एकट्या गोळ्यांवर भारतात बंदी आहे ती याच कारणाने. इंजेक्शनं मात्र मिळतात आणि तोंडाने गोळी घेऊ शकणाऱ्या मुलांनाही सर्रास टोचली जातात, याचं मला मनापासून दुःख होतं. रेझिस्टन्सवरचा उपाय म्हणून टोचलेली सुईच रेझिस्टन्स वाढवते. शिवाय तुमच्या लेकीच्या यकृतातल्या जंतूंवर त्या इंजेक्शनाचा काडीचाही उपयोग नाही. सहा आठवड्यांनी तुम्ही पुन्हा तिथेच असाल.

मग रेझिस्टन्स ही नुसती हूल आहे का? मुळीच नाही. तो किती खरा असतो ते मी फार लवकर शिकलो.

2002 चा पावसाळा. दक्षिण गडचिरोलीतल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी नवा होतो. सहा वर्षांचा एक माडिया मुलगा आला. काचेवर घेतलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर फॅल्सिपॅरम दिसला, मलेरियाच्या जंतूची जास्त घातक जात. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे क्लोरोक्विन दिलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, घरी पाठवलं. अकराव्या दिवशी बापाने आणि चुलत्याने त्याला खाटेवर घालून नाल्यापलीकडून उचलून आणलं. झटके येत होते, शुद्ध नव्हती. मी बापावर चिडलो. गोळ्या थुंकून टाकल्या असणार, तुम्ही लक्ष दिलं नसणार, असं बोललो. तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, तिन्ही दिवस तुमच्यासमोरच दिल्या ना." सिस्टरने रजिस्टर उघडलं. तिन्ही दिवसांच्या खुणा होत्या.

बापाचं काही चुकलं नव्हतं. औषध हरलं होतं. रात्रभर क्विनाईनची सलाईन चालली. क्विनाईनने लहान मुलांची साखर धाडकन उतरते, म्हणून दर थोड्या वेळाने साखर तपासत बसलो. तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडून आईला ओळखलं. बोलणं नीट यायला काही आठवडे गेले. त्या बापाची मी माफी मागितली. ते वाक्य अजून कानात आहे.

फॅल्सिपॅरमने क्लोरोक्विनला जुमानेनासं होणं जगात 1950 च्या दशकाच्या शेवटी थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर आणि दक्षिण अमेरिकेत सुरू झालं. भारतात ते 1973 मध्ये आसामात सापडलं. आफ्रिकेत पोचल्यावर तिथे फार मुलं गेली. यात लहान मुलंच का मरतात, हे समजून घ्यायला हवं. मलेरियाच्या मुलखात वाढलेल्या मोठ्या माणसाच्या अंगात थोडी प्रतिकारशक्ती असते. अर्धवट लागू पडणारं औषधही त्याला पुरतं, उरलेलं काम शरीर करतं. पाच वर्षांखालच्या लेकराला ते पाठबळ नसतं. म्हणून औषध कमजोर व्हायला लागलं की त्याचा पहिला फटका मुलांना बसतो, आणि मोठी माणसं बरी होताना पाहून औषध चांगलं चाललंय असा आपला समज होतो.

भारताने 2010 पासून फॅल्सिपॅरमसाठी देशभर जोडऔषध आणलं: तीन दिवस आर्टेमिसिनिन घराण्यातलं आर्टेसुनेट आणि पहिल्या दिवशी जोडीदार सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन. मुलांची पाकिटं वयाप्रमाणे रंगीत केली. एक ते चार वर्षांचं पिवळं, पाच ते आठचं हिरवं. आशाताईंना वजनकाट्याशिवायही चूक टाळता आली. पुढे ईशान्येकडे यातला जोडीदार निकामी झाला, तेव्हा 2013 मध्ये तिथे आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन हे दुसरं जोडऔषध सुरू झालं. आता काळजी आहे ती खुद्द आर्टेमिसिनिनची. कंबोडियात त्याचा असर मंदावल्याचं 2008-09 च्या सुमारास दिसलं, मग 2020 मध्ये रवांडातून आणि 2021 मध्ये युगांडातून तशाच बातम्या आल्या. जंतू मरतात, पण उशिरा, आणि सगळा भार जोडीदारावर पडतो. आपल्याकडे हे औषध अजून दमदार आहे. ते तसं राहावं म्हणूनच मी इतक्या पोटतिडकीने लिहितोय.

इंजेक्शनाची खरी जागा म्हणजे गंभीर मलेरिया. मूल पाणीही पीत नाही, सगळं उलटून टाकतं, झटके येतात, गुंगीत जातं, धाप लागते, पांढरंफटक पडतं, यातलं एकही दिसलं तर रात्र काढू नका. तिथे शिरेतून आर्टेसुनेट देतात. आफ्रिकेतल्या 5,425 मुलांवरच्या अभ्यासात क्विनाईनवरची 10.9 टक्के मुलं दगावली, आर्टेसुनेटवरची 8.5 टक्के. हा अभ्यास 2010 चा. तिथेही मूल गिळू लागलं की जोडऔषधाचा तीन दिवसांचा पूर्ण कोर्स द्यावाच लागतो.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. आधी पीएचसीत किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन काचेवरची तपासणी करून घ्या. व्हायवॅक्सच असेल तर क्लोरोक्विन पुन्हा वजनाप्रमाणे, आणि जोडीला चौदा दिवस प्रायमाक्विन. त्याआधी जी-सिक्स-पीडी ही रक्ततपासणी मागा. हे एन्झाइम काहींच्या अंगात जन्मतःच कमी असतं, आणि अशा मुलांमध्ये प्रायमाक्विनने रक्तपेशी फुटतात. औषध चालू असताना लघवी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले किंवा मूल एकदम फिकट पडलं, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. धाकटं भावंड वर्षाच्या आतलं असेल तर त्याला ही गोळी देऊ नका. गोळी जेवणानंतर, कुस्करून गुळात किंवा केळ्यात द्या. चौदा चौकोन आखलेला कागद भिंतीवर लावा आणि रोज तिलाच फुली मारू द्या.

प्रतिसादांमध्ये कुणीतरी पुण्यात बनणाऱ्या लसीबद्दल विचारलंय. ती आर-21 लस आफ्रिकेतल्या मुलांसाठी, फॅल्सिपॅरमविरुद्ध आहे. व्हायवॅक्सवर तिचा उपयोग नाही. आपल्यासाठी सध्या मच्छरदाणी, तीही संध्याकाळपासून.

अजून एक. काचेच्या रिपोर्टवर व्हायवॅक्सच्या जोडीला फॅल्सिपॅरमही लिहिलेला असेल, तर क्लोरोक्विन पुरणार नाही. मग जोडऔषध आणि त्यासोबत चौदा दिवसांचं प्रायमाक्विन लागेल. फॅल्सिपॅरम निघाला तर बरी झाल्यावर लगेच पट्टी करू नका. जंतू मेले तरी पट्टी काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते आणि "औषध लागू पडलं नाही" म्हणून पुन्हा घबराट होते. काचेवरच पाहायला सांगा. रिपोर्ट आला की इथेच लिहा, मी पाहतो.